काचेच्या पेटीत समुद्र जगवायला शिकवणारा फिलिप गॉस, आणि त्याच्याच पुस्तकांमुळे ओसाड पडलेले किनारे

खाऱ्या पाण्याचा फिश टँक लावणाऱ्यांच्या वाट्याला एक वाईट आठवडा बहुतेक वेळा येतोच.

टँक नवाकोरा असतो. पाणी आरशासारखं स्वच्छ, वाळू पांढरीशुभ्र, निळे लाईट लागलेले आणि दुकानातून आणलेले दोन क्लाऊनफिश मजेत फिरतायत. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यातला एक तळाशी आडवा होतो. मग कोळंबी जाते. मग समुद्रफूल आक्रसून लिबलिबीत होतं आणि पाण्याला वास यायला लागतो. माणूस दुकानदाराला चार शिव्या घालतो, नवीन मासा आणतो. तोही जातो.

आज इंटरनेटवर शोधलं तर याचं कारण दोन मिनिटांत सापडतं. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा इंग्लंडमधला एक माणूस बरण्यांमध्ये मरणाऱ्या जीवांकडे बघत एकच प्रश्न विचारत बसला होता. हे का मरतायत?

त्या माणसाचं नाव फिलिप हेन्री गॉस. ॲक्वेरियम हा शब्द आज आपण ज्या अर्थानं वापरतो, तो त्याच्यामुळेच जगभर गेला. त्याची गोष्ट मात्र फिश टँकपुरती राहत नाही.

कारकून, शेतकरी, मास्तर

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० चा, इंग्लंडमधल्या वुस्टर गावातला. वडील गावोगाव फिरून लोकांची छोटी चित्रं काढायचे. या धंद्यात पैसा बेताचाच. पण बारीक कुंचल्यानं बारीक काम करायचं कसब पोराला बापाकडूनच मिळालं. पुढं गॉसच्या पुस्तकातली समुद्रफुलांची रंगीत चित्रं बघून लोक वेडे झाले, त्याचं मूळ इथं आहे.

बालपण गेलं पूल या बंदराच्या गावात. तिथंच त्याला समुद्राचा नाद लागला. १८२७ साली, वयाच्या १७ व्या वर्षी, तो बोटीत बसून अटलांटिकपलीकडं न्यूफाउंडलंडला गेला. तिथं एका व्यापारी पेढीत कारकुनी करायची आणि उरलेल्या वेळात किडे गोळा करायचे, असं त्याचं आयुष्य सुरू झालं.

१८३५ साली त्यानं कॅनडात जमीन घेऊन शेती करायचं ठरवलं. शेती साफ बसली. पण शेतात दिसलेल्या फुलापाखरांच्या आणि पक्ष्यांच्या नोंदी मात्र त्यानं इमानदारीत ठेवल्या. १८३८ साली तो अमेरिकेतल्या अलाबामात मास्तर झाला. तिथली गुलामगिरी त्याला बघवली नाही. वर्षभराच्या आतच तो तिथून निघाला.

१८३९ साली इंग्लंडला परतला तेव्हा त्याच्याकडं पैसे नव्हते, डिग्री नव्हती, ओळखीपाळखी नव्हत्या. होत्या त्या फक्त नोंदवह्या. त्यातूनच त्याचं पहिलं पुस्तक निघालं आणि हा माणूस लिहून पोट भरायला लागला. १८४४ ते १८४६ या काळात तो जमैकात राहिला आणि तिथल्या पक्ष्यांवर त्यानं नाव कमावणारं पुस्तक लिहिलं.

१८४८ साली त्यानं एमिली बोवेसशी लग्न केलं. दोघंही कट्टर ख्रिस्ती, एकाच छोट्या पंथातले. एमिली स्वतः लेखिका होती. १८४९ साली मुलगा झाला, एडमंड. त्या दिवशीच्या डायरीत गॉसनं एकाच दमात दोन गोष्टी लिहून ठेवल्या. एक, मुलगा झाला. दुसरी, जमैकाहून पाकोळीच्या जातीच्या हिरव्या पक्ष्याचा नमुना आला. माणूस कसा होता, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

डॉक्टरी सल्ला आणि समुद्रकिनारा

सतत लिहून आणि सूक्ष्मदर्शकात डोळे घालून गॉसची तब्येत ढासळली. १८५२ च्या सुरुवातीला तो बायको-मुलाला घेऊन हवापालटासाठी डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला.

तिथल्या कातळांवर ओहोटी लागली की छोटी छोटी डबकी उघडी पडायची. प्रत्येक डबकं म्हणजे एक बाग. लाल-जांभळी समुद्रफुलं, खडकाला चिकटलेली कपाच्या आकाराची छोटी प्रवाळं, खेकडे, झिंगे, हिरवं शेवाळ. गॉस आजारपण विसरला. गुडघाभर पाण्यात उभा राहून छिन्नी-हातोडीनं खडकाचे टवके काढायचे आणि जीवासकट बरणीत घालून घरी आणायचे, हा त्याचा रोजचा उद्योग झाला.

आणि बरणीतले जीव मरायचे.

ही अडचण फक्त त्याची नव्हती. समुद्राचं पाणी भांड्यात भरून त्यात प्राणी ठेवला की दोन-तीन दिवसांत पाणी नासायचं, हा सगळ्यांचाच अनुभव होता. स्कॉटलंडमधल्या सर जॉन डॅलियल यांनी १८२८ साली पकडलेलं एक समुद्रफूल वर्षानुवर्षं जगवलं होतं, पण त्यासाठी समुद्रावरून सतत ताजं पाणी आणून बदलावं लागायचं. ते समुद्रफूल खुद्द डॅलियल यांच्या मागंही जगलं आणि १८८७ साली मेलं. म्हणजे जीव नाजूक होता, हे कारण काही खरं नव्हतं. दोष पाण्यात होता.

लंडनमध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी १८४६ साली किनाऱ्यावरून प्रवाळं आणली. त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसायची, म्हणजे पाण्याला हवा लागेल. आज आपण टँकला जो एअर पंप लावतो, त्याचं काम ही मोलकरीण हातानं करत होती. पुढं थिनबाईंनी समुद्रशेवाळही आणलं आणि प्रवाळं टिकली.

रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं १८५० साली गोड्या पाण्यावर प्रयोग जाहीर केला. नुसत्या मासा आणि पाणवनस्पतीवर भागेना. वनस्पतीची पानं कुजून पाणी घाण व्हायला लागलं. मग त्यानं गोगलगायी सोडल्या. त्या कुजकी पानं खायला लागल्या आणि पाणी निवळलं. वनस्पती प्राणवायू देते, मासा तो घेतो, गोगलगाय साफसफाई करते. सगळा हिशोब बसला.

गॉसनं हाच हिशोब खाऱ्या पाण्यात बसवायचा चंग बांधला. तेव्हाच परिस्थितीही त्याच्या बाजूची होती. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला होता, त्यामुळं काच स्वस्त झालेली. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोहोचलेली, त्यामुळं जीव जिवंतपणी लंडनला नेता यायला लागले होते.

तपास

गॉसची पद्धत अगदी साधी होती. काही मेलं की त्याआधी काय बदललं होतं ते बघायचं.

पहिली गोष्ट त्याच्या लक्षात आली ती शेवाळाची. कुठलंही शेवाळ चालत नाही. तपकिरी शेवाळाच्या मोठ्या जाती बंद पाण्यात लवकर सडतात, हिरवं आणि लाल शेवाळ टिकतं.

दुसरी गोष्ट, मेलेला जीव. एखादा किडा दगडाखाली मरून पडला आणि दिसला नाही, तर त्याच्या सडण्यानं अख्खी टाकी नासते. म्हणून रोज बघायचं आणि मेलेलं काही दिसलं की लगेच बाहेर काढायचं.

तिसरी गोष्ट, बाष्पीभवन. टाकीतलं पाणी उडून जातं पण मीठ मागंच राहतं. त्यामुळं पातळी उतरली की वरून खारं पाणी ओतलं तर खारटपणा वाढतच जातो. भर घालायची ती गोड्या पाण्याची. आजही नवीन टँकवाले ही चूक करतातच.

चौथी गोष्ट, उजेड. अजिबात नसेल तर शेवाळ मरतं. थेट ऊन लागलं तर पाणी तापतं आणि हिरवंगार होतं. काचेवर चढणारा हिरवा थर खरवडायला त्यानं समुद्री गोगलगायी सोडल्या. त्यांच्या खरखरीत जिभा काच कशी साफ करतात, याचं तो तासन्‌तास निरीक्षण करायचा.

मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. त्यातले बरेचसे समुद्री जीव गॉसनं गोळा करून पाठवले होते. बघायला तोबा गर्दी.

पण समुद्रापासून लांब राहणाऱ्यांचं काय? त्यांनी पाणी कुठून आणायचं? १८५४ साली गॉसनं याचंही उत्तर काढलं. समुद्राच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करण समोर घेऊन त्यानं घरच्या घरी समुद्र बनवला. साधारण साडेचार लिटर पाण्याला जेवणातलं मीठ अंदाजे १०० ग्रॅम, एप्सम सॉल्ट ७ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड १३ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड अडीच ग्रॅम. चुना त्यानं वेगळा घातला नाही. तळाशी टाकलेल्या शिंपल्यांतून आणि प्रवाळाच्या तुकड्यांतून तो मिळेल, असा त्याचा अंदाज होता. आज प्रवाळ पाळणाऱ्यांना कॅल्शियम मोजून घालावं लागतं, कारण वाढत्या प्रवाळाला तेवढ्यावर भागत नाही.

यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी मात्र त्या मिठाच्या मापात नव्हती. पाणी तयार झाल्यावर गॉसनं त्यात प्राणी टाकलेच नाहीत. आधी किनाऱ्यावरचे दगड आणि हिरवं शेवाळ टाकलं आणि सुमारे आठवडाभर तो थांबला. त्यानंतर समुद्रफुलं वगैरे सोडली. ती जगली.

गॉसला जे दिसलं नाही

गॉसच्या मते थांबायचं कारण सोपं होतं. शेवाळाचे बीजाणू रुजले पाहिजेत, म्हणजे प्राणवायू मिळेल. हे बरोबरच होतं, पण अर्धंच.

माशाच्या शरीरातून, उरलेल्या खाद्यातून आणि कुजणाऱ्या प्रत्येक गोष्टीतून पाण्यात अमोनिया सुटतो. तो रंगहीन असतो, त्यामुळं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि तरीही विषारी असतं. समुद्राचं पाणी थोडं अल्कधर्मी असल्यामुळं त्यात हा अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त घातक ठरतो. समुद्रात हे विष पचवायला जीवाणू असतात. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि शेवाळ ते खातं.

हे जीवाणू दगडावर, वाळूत आणि काचेवर वस्ती करतात. आणि ते फार सावकाश वाढतात. नव्या टँकमध्ये ते नसतातच. म्हणून नवा टँक मारतो.

गॉसनं किनाऱ्यावरचे दगड टाकले, तेव्हा त्यांच्यावर बसून हे जीवाणूही टाकीत आले. आज बाजारात ज्याला लाइव्ह रॉक म्हणतात, तेच हे. कारण माहीत नसताना त्याची कृती योग्य होती.

खरं कारण कळायला १८७७ साल उजाडावं लागलं. श्लोझिंग आणि म्युंत्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाणी वाळूतून झिरपवलं आणि हे काम सजीव करतात हे दाखवून दिलं. मग इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात एका रसायनशास्त्रज्ञानं सिद्ध केलं की हे काम दोन टप्प्यांत होतं. त्याचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. गोगलगायी सोडून टाकी निवळणाऱ्या त्या वॉरिंग्टनचा हा मुलगा. बापाची टाकी का जगली, याच्या उत्तराचा मोठा भाग मुलानं शोधला, तोही शेतातल्या मातीत. पुढं १८९० साली सर्गेई विनोग्राद्‌स्की यांनी हे जीवाणू वेगळे करून दाखवले. तोवर गॉस जाऊन दोन वर्षं झाली होती.

घरातला मृत्यू

१८५४ साली गॉसचं ॲक्वेरियमवरचं पुस्तक आलं आणि धडाधड खपलं. १८५६ साली त्याला रॉयल सोसायटीचा फेलो करण्यात आलं. शेतीत बुडालेल्या कारकुनासाठी हा मान फार मोठा होता.

त्याच वर्षी एमिलीला स्तनाचा कॅन्सर झाल्याचं कळलं. एका अमेरिकन डॉक्टरकडं लेपाचे अतिशय वेदनादायी उपचार झाले. उपयोग झाला नाही. फेब्रुवारी १८५७ मध्ये ती गेली.

टाकीतल्या प्रत्येक मरणाचं कारण शोधणाऱ्या माणसाला या मरणापुढं काहीच करता आलं नाही.

त्याच वर्षी त्यानं ओम्फॅलोस नावाचं पुस्तक काढलं. पृथ्वी फार जुनी आहे असं खडक सांगत होते आणि ती देवानं थोड्याच काळापूर्वी घडवली असं त्याची श्रद्धा सांगत होती. गॉसनं तोडगा काढला की देवानं जग घडवतानाच त्यात जुनेपणाच्या खुणा घातल्या, जशी आईविना जन्मलेल्या ॲडमलाही बेंबी असावी तशी. शास्त्रज्ञ हसले आणि धार्मिक लोक चिडले, कारण यातून देव फसवतो असा अर्थ निघत होता. पुस्तक सपशेल पडलं. दोनच वर्षांनी डार्विनचं पुस्तक आलं आणि वादच पुढं सरकला.

खचलेला गॉस आठ वर्षांच्या एडमंडला घेऊन डेव्हनच्या सेंट मेरीचर्चला कायमचा राहायला गेला. बाप-लेक रोज किनाऱ्यावर जायचे. यातून १८६० साली ब्रिटिश समुद्रफुलं आणि प्रवाळांवरचा त्याचा मोठा ग्रंथ पुरा झाला. त्याच वर्षी त्यानं एलायझा ब्राइटवेनशी दुसरं लग्न केलं.

आणि किनारा मेला

पण किनारा आता पूर्वीचा राहिला नव्हता.

गॉसची पुस्तकं वाचून हजारो लोक छिन्नी-हातोडी आणि बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरले होते. दिवाणखान्यात समुद्र असणं ही फॅशन झाली होती. लंडनमध्ये टाक्या, समुद्री जीव आणि पाणी विकणारी दुकानं निघाली. पण पुस्तकातली चित्रं सगळ्यांनी बघितली आणि धीर धरायची पानं उलटून टाकली. टाकी घेतली, त्याच दिवशी भरली, आठवड्यात सगळं मेलं, की पुन्हा किनाऱ्यावर. १८६० च्या दशकात ही लाट ओसरली तेव्हा घरोघरच्या बऱ्याच टाक्या रिकाम्या होऊन पडल्या होत्या.

किनाऱ्यावरची डबकीही रिकामी झाली होती. शतकानुशतकं भरतीच्या पाण्यानं सजवलेल्या त्या बागा काही वर्षांत ओरबाडल्या गेल्या. आपल्या पुस्तकांनी हे झालं, याची बोच गॉसला शेवटपर्यंत राहिली. एडमंडनं १९०७ साली बाप-लेकाच्या नात्यावर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यात बापाच्या कडक धर्मनिष्ठेबद्दल त्यानं बरंच कडवट लिहिलंय, पण उद्ध्वस्त किनाऱ्याबद्दल लिहिताना तो हळवा होतो.

म्हातारपणी गॉस ऑर्किड वाढवत आणि सूक्ष्मदर्शकातून पाण्याचे थेंब बघत राहिला. २३ ऑगस्ट १८८८ ला तो गेला.

मग आपल्या टँकचं काय?

समुद्री टँकसाठी विकले जाणारे बहुतेक जातींचे मासे आजही समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. भारतात तर खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे, मग तो कितीही छोटा असो.

म्हणून टँकमध्ये काही मेलं की दुसरं आणायला जाण्याआधी गॉससारखा तपास करा. मेलेला जीव आधी बाहेर काढा. अमोनिया आणि नायट्राइट तपासा, दोन्ही शून्य पाहिजेत. खारटपणा मोजा, आणि उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानंच घालताय ना ते बघा. नळाचं पाणी असेल तर त्यातलं क्लोरीन काढलंय का? माशांच्या औषधात तांबं होतं का? कोळंबी, समुद्रफूल आणि प्रवाळ तांब्यानं मरतात. एकाच दिवशी खूप जीव सोडले होते का?

आणि टँक नवा असेल तर चार ते सहा आठवडे तो माशांशिवाय चालू द्या. जीवाणूंना अमोनिया लागतो, तेव्हा थोडं खाद्य टाकत राहा आणि आकडे खाली येईपर्यंत थांबा. रिकाम्या टँककडं बघत बसणं कंटाळवाणं असतं, हे खरंय. गॉस आठवडाभर थांबला. त्याच्या वाचकांना तेवढाही धीर धरवला नाही आणि त्याची किंमत डेव्हनच्या किनाऱ्यानं मोजली.